गाडीभोवती एक फेरी

माझे वडील, अण्णा, एसटीच्या इस्लामपूर आगारात एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यातली बरीच वर्षं चिपळूणची गाडी, कराडवरून कुंभार्ली घाट उतरून. सकाळी गाडी फलाटाला लावायच्या आधी ते हातात लोखंडी पाना घेऊन गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि प्रत्येक चाकावर एकेक टोला द्यायचे. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक बसलं असेल तर ते डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. सुट्टीत मी आगारात जाऊन बसायचे तेव्हा तो आवाज मलाही ओळखू यायला लागला होता. ठण्ण म्हणजे ठीक, थप्प म्हणजे मेकॅनिकला हाक.

२०२४ च्या एप्रिलमध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्चला भाड्याची गाडी ताब्यात घेताना मी तीच फेरी मारली. पाना नव्हता, मोबाईलचा कॅमेरा होता. आम्ही तिघं: मी, हे आणि आमची बावीस वर्षांची लेक. बारा दिवस, साधारण दोन हजार किलोमीटर, बहुतेक स्टिअरिंग माझ्या हातात. परत आल्यापासून दुकानात येणारी ओळखीची माणसं (सांगलीत माझं औषधाचं दुकान आहे) एकच प्रश्न विचारतात, ‘तिकडे गाडी चालवायची भीती नाही वाटली?’ त्याचं उत्तर काउंटरवर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात घरापासूनच करते. न्यूझीलंडमध्येही वाहतूक डावीकडूनच चालते आणि स्टिअरिंग उजवीकडेच असतं. युरोप-अमेरिका सोडून पहिल्यांदा गाडी चालवायला हा देश आम्ही निवडला तो याच कारणाने. महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असतं, त्यामुळे पर्यटकाला त्यावर तिथे गाडी चालवता येते. तरीही मी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला. १,००० रुपये शुल्क, एक वर्षाची मुदत. तो नुसता जवळ ठेवून भागत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच. मूळ म्हणजे हातात धरता येईल असं कार्ड, फोनमधला फोटो नव्हे.

दुसरी गोष्ट क्रेडिट कार्ड. माझ्याकडे ते नव्हतंच. दुकानाचे व्यवहार रोख आणि यूपीआयवर, कर्जाचं कार्ड कशाला, असं मी आयुष्यभर म्हणत आले. पण गाडी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. हे म्हणाले, माझ्या कार्डावर माझ्या नावाने घेऊ, चालव तू. पण मग मुख्य चालक हेच ठरले असते आणि मी जास्तीची चालक. शेवटी चार महिने आधी मी माझ्या नावाचं कार्ड काढलं आणि त्याची मर्यादा वाढवून घेतली. कारण गाडी देताना कंपनी कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवते. ती खर्च होत नाही, पण वापरताही येत नाही. मर्यादा अपुरी असेल तर गाडी समोर उभी असूनही किल्ली मिळत नाही. आमच्या आधी रांगेत असलेल्या एका कुटुंबाला तसंच थांबावं लागलेलं मी पाहिलं. तीन लहान मुलं, सहा बॅगा आणि एक डेबिट कार्ड. जीव कळवळला.

लेकीला गाडी येते, पण पंचवीस वर्षांखालच्या चालकासाठी आमची कंपनी रोजचे वेगळे पैसे मागत होती. ते वाचवले आणि नकाशा तिच्याकडे दिला.

सिंगापूरमार्गे पोचलो त्या दिवशी गाडी घेतली नाही. घड्याळ साडेसहा तास पुढे गेलेलं, रात्रभर विमानात डोळ्याला डोळा नाही. अण्णांनी निघताना फोनवर एवढंच सांगितलं होतं, ‘पोरी, झोप झाल्याशिवाय चाकावर बसू नकोस.’ एक रात्र गावात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीने पुन्हा विमानतळावर जाऊन गाडी घेतली. टॅक्सीचे पैसे गेले. ते जायलाच हवे होते.

काउंटरवर सगळ्यात महत्त्वाचा शब्द असतो ‘एक्सेस’. गाडीच्या भाड्यात विमा असतोच. पण नुकसान झालं तर पहिली काही रक्कम आपल्या खिशातून जाते, तिला एक्सेस म्हणतात. आमच्या करारात ती ४,००० डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या भावाने दोन लाख रुपयांच्या आसपास. चूक कोणाची, हे ठरेपर्यंत ते पैसे आपलेच अडकतात. रोज थोडे जास्त पैसे भरले की ही रक्कम कमी होते किंवा शून्यावर येते. मी शून्यावर आणली. पण ‘शून्य’ या शब्दावर विसंबून राहू नका, खालची यादी वाचा. औषधाच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे मी उभ्याउभ्या सगळा करार वाचला. काच आणि टायर वेगळे. गाडीचा तळ आणि छप्पर वगळलेलं. चुकीचं इंधन भरलं तर सगळा खर्च आपला. काही रस्त्यांवर तर विमा लागूच नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड हा त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला. कड्यात कोरलेला, सोन्याच्या शोधातल्या लोकांच्या काळातला कच्चा रस्ता आहे तो. काचेचं आणि टायरचं संरक्षण मी निराळे पैसे देऊन घेतलं आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

आपल्याकडे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तिथे तो नाही, हे वाचून मी आधी चकित झाले होते. मग त्यामागची व्यवस्था समजली. अपघातात कोणालाही इजा झाली, अगदी पर्यटकाला, तरी उपचारांचा भार १९७४ पासून चालत आलेली सरकारी अपघात भरपाई योजना उचलते, चूक कोणाची हे न विचारता. आजारपण मात्र तिच्यात येत नाही, प्रवास विमा घ्यावाच लागतो. आणि दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान आपल्या करारातून भरलं जाणार आहे का, हे आपणच विचारायचं. मी विचारलं, काउंटरवरच्या मुलीने ते कलम पेनाने खूण करून दाखवलं.

तिने थोड्या जास्त पैशांत मोठी डिझेल गाडीही देऊ केली होती. हे एकदम खूश. पण तिथे डिझेलवरचा रस्त्याचा कर पंपावर घेत नाहीत, गाडी किती किलोमीटर चालली त्यावर घेतात. भाड्याची कंपनी तो शेवटी आपल्या बिलात लावते. दोन हजार किलोमीटरचा हिशेब तिथेच मांडला आणि पेट्रोलवरची हायब्रिड कोरोलाच घेतली.

मग अंगणात ती फेरी. चारही दारं, चारही चाकांच्या रिंगा, पुढची काच, आरसे, छप्पर, बंपरच्या खालचा भाग, इंधनाचा काटा, किलोमीटरचा आकडा. मागच्या उजव्या रिंगेवर एक लांब ओरखडा होता आणि कागदावर तो नव्हता. किल्ली द्यायला आलेला मुलगा म्हणाला, एवढं काही नाही, चालतं. मी म्हटलं, लिही. त्याने लिहिलं. चाकांवर मी बुटाच्या टोकाने एकेक ठोका दिला तेव्हा लेक म्हणाली, ‘आई, अगदी आजोबा!’

गाडीत बसले आणि डावा पाय क्लच शोधायला लागला. मी सतरा वर्षं वॅगनआर चालवते आहे, ऑटोमॅटिकला हात कधी लावला नव्हता. हायब्रिड असल्यामुळे ती चालू झाली की नाही तेही कळेना, आवाजच नाही. डावा पाय मागे ओढून सीटखाली दाबून ठेवला आणि पार्किंगमध्ये पाच चकरा मारल्या. इंडिकेटरची दांडी आमच्या गाडीसारखीच उजवीकडे निघाली, तो मोठाच आधार. चौथ्या चकरीला पाय निमूट बसला.

पहिल्या दिवशी टेकापो, सव्वादोनशे किलोमीटर. वाटेत राकाइया नदीवरचा पावणेदोन किलोमीटरचा पूल लागतो, देशातला सर्वांत लांब रस्तापूल. नदी मात्र सगळी वाळूत विखुरलेली, वेणीच्या पेडांसारखी. गावाबाहेर वेगमर्यादा १००, गावात ५०. हा शंभरचा रस्ता आपल्या एक्सप्रेसवेसारखा नाही. दोनच लेन, मधे दुभाजक नाही, समोरून तितक्याच वेगात दुधाचा टँकर. मी ऐंशीने जात होते. जेराल्डीन ओलांडल्यावर हे हळूच म्हणाले, ‘अगं, मागे सात गाड्या आहेत.’

सात गाड्या! एकाचाही हॉर्न नाही, दिव्याची उघडझाप नाही. कधीपासून मागे होत्या कोण जाणे. मला फार अपराधी वाटलं. घाटात मागच्याला वाट देणं मी अण्णांच्या शेजारी बसून शिकले आहे, त्यांचा उजवा हात खिडकीबाहेर निघायचा आणि ‘जा’ म्हणून हलायचा. पुढे रुंद जागा दिसली तिथे डावीकडे घेऊन थांबले. सातही गाड्या गेल्या, बहुतेकांनी हात केला. त्यानंतर बारा दिवस मी आरशात दोन गाड्या जमल्या की जागा बघून बाजूला होत होते. चढावर त्यासाठी मुद्दाम जास्तीचे पट्टे केलेले असतात, पाटी आधीच दिसते. एवढं केलं की मग आपल्या मनाजोगत्या वेगाने, डोंगर बघत जाता येतं. पुकाकी तलावाचं ते दुधाळ निळं पाणी आणि त्याच्या टोकाला आओराकी माउंट कुकचं शिखर, हे दृश्य शंभरच्या वेगात बघायचं नसतंच.

मिलफर्डच्या रस्त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. ‘ते आनाऊ’ नावाचं गाव हे शेवटचं, तिथून मिलफर्ड साउंड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) सुमारे १२० किलोमीटर. पेट्रोल ते आनाऊलाच पूर्ण भरायचं. गाव सुटलं की फोनला रेंज नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतलेला बरा. आदल्या संध्याकाळी ते आनाऊत शिरताना समोर टायरचा पिवळा दिवा लागला. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी. माझ्या पोटात गोळा आला. पण पंपावर हवेचं यंत्र होतं, आकडा लावायचा, नळी बसवायची, भरलं की ते वाजतं. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. सकाळी पुन्हा तपासली, जागेवर होती.

वाटेत होमर बोगदा लागतो. १९३५ साली बेकारीच्या काळात कामाला लावलेल्या माणसांनी कुदळी आणि हातगाड्या घेऊन तो खणायला घेतला. हिमकडे कोसळून माणसं गेली, मधे महायुद्ध आलं, आणि गाड्यांसाठी तो खुला व्हायला १९५४ उजाडलं. १.२ किलोमीटरचा, अरुंद, मिलफर्डच्या बाजूला उतरता, आत खडकाच्या उघड्या भिंती. आत शिरण्याआधी गॉगल काढा आणि दिवे लावा. बोगद्याच्या अलीकडे मोकळी जागा आहे, तिथे केआ भेटले. केआ म्हणजे बर्फाळ डोंगरात राहणारा हिरवा पोपट, पंखाखाली शेंदरी. एक आमच्या टपावर उतरला आणि दाराच्या कडेचं रबर चोचीने सोलायला लागला. मला करारातलं ‘छप्पर वगळून’ आठवलं! त्यांना खायला देऊ नये अशा पाट्या आहेत, कारण माणसाचं खाणं त्यांच्या जिवावर उठतं. लेकीचे फोटो काढून होईपर्यंत मीच धीर सोडला आणि गाडी हळूच पुढे घेतली.

आता माझी चूक. वानाका ते फॉक्स ग्लेशियर हे अंतर नकाशावर अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर दिसतं. ‘चार तास’ असं फोन सांगत होता, म्हणून आम्ही सकाळी निवांत साडेदहाला निघालो. हावेआ तलावाच्या कडेने, हास्ट खिंडीतून, जिथे पाहावं तिथे थांबावंसं वाटत होतं. हा रस्ता नवा म्हणावा असाच आहे. वानाकाहून हास्टपर्यंत तो १९६० मध्ये झाला आणि नाइट्स पॉइंटजवळचा शेवटचा तुकडा जोडायला १९६५ उजाडलं. १९६० च्या आधी हास्टच्या माणसांना दक्षिणेलाही आणि उत्तरेलाही रस्ता नव्हता. एप्रिलमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटचे साठ-सत्तर किलोमीटर मी अंधारात, पावसात, दोन्ही बाजूंना नेच्यांचं घनदाट रान असताना चालवले. रस्त्यावर पोसम (मांजराएवढे, रात्री फिरणारे प्राणी) येऊन दिव्यांकडे बघत उभे राहतात. मागच्या सीटवर लेक गप्प झाली होती. दिवसाला दोनशेच्या वर किलोमीटर ठरवू नका आणि पश्चिम किनाऱ्यावर तर अंधाराआधी मुक्कामी पोचा. त्या रात्री माझे खांदे दगडासारखे झाले होते.

पण त्याच दिवशी ते पूल भेटले, ज्यांच्यामुळे मला हा प्रवास आयुष्यभर आठवेल. पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला नदीनाल्यांवर एका लेनचे पूल आहेत. रस्ता राष्ट्रीय महामार्ग, दोन लेनचा, आणि पुलावर एकदम एकच गाडी मावेल एवढा. आधी पाटी येते. निळी चौकोनी पाटी आणि त्यावर आपल्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर पहिला हक्क आपला. लाल कडेची गोल पाटी, त्यात वर जाणारा छोटा लाल बाण आणि खाली येणारा मोठा काळा बाण असेल तर आपण थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. बस, एवढंच. सिग्नल नाही, पोलीस नाही. हास्ट नदीवरचा पूल तर सातशे मीटरहून लांब, एक लेनच्या पुलांत देशात सर्वांत लांब. त्यात मधे रुंद जागा ठेवल्या आहेत, समोरून कोणी आलंच तर तिथे वळून थांबायचं.

पहिल्या अशा पुलापाशी माझ्या बाजूला लाल बाण होता. पलीकडून एक जुनी युट (तिकडची पिकअप गाडी) येत होती, मागे हौद्यात दोन कुत्री. मी थांबले. ती पूल ओलांडून आमच्या शेजारून गेली, म्हाताऱ्या चालकाने स्टिअरिंगवरून फक्त एक बोट उचललं. पुढच्या पुलावर पांढरा बाण माझा होता आणि समोर एक भलामोठा लाकडाचा ट्रक पुलाच्या तोंडाशी थांबलेला. माझी एवढीशी कोरोला आणि तो डोंगराएवढा ट्रक, आणि तो माझ्यासाठी थांबला आहे! मी जाताना बोट उचललं. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. कुंभार्ली घाटात अण्णा उतरताना असेच थांबायचे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा घाटाचा नियम. एसटी मोठी असली तरी थांबायची, आणि खालून दमत येणारा टेम्पो पुढे जायचा. हल्ली आपल्या घाटांत हे क्वचित दिसतं, आणि ते गेल्याचं मला मनापासून दुःख आहे.

काचेला खडा लागला तो लिंडिस खिंडीजवळ, नव्या डांबरीकरणाच्या सुट्या खडीवर. टिकलीएवढा तारा उमटला. तिथूनच कंपनीला फोन करून सांगितलं, फोटो पाठवला, काचेचं संरक्षण होतं म्हणून एक डॉलरही लागला नाही. न सांगता चालत राहिलो असतो तर थंडीत तो तडा वाढला असता, आणि सकाळी तर काचेवर बर्फ धरत होतं.

शेवटी आर्थर्स पास ओलांडून क्राइस्टचर्च. टाकी भरून पावती जपून ठेवली. गाडी परत करायला पहाटे पोचलो, ऑफिस बंद. ठरलेल्या जागी गाडी लावायची आणि किल्ली भिंतीतल्या फटीत टाकायची. मी पुन्हा तीच फेरी मारली, तेच फोटो त्याच क्रमाने काढले, मग किल्ली टाकली.

नऊ दिवसांनी सांगलीत दुकानात बसलेली असताना मेल आला: मागच्या उजव्या रिंगेवर ओरखडा, कार्डावर इतके डॉलर लावले आहेत. मी पहिल्या दिवशीचा फोटो, त्यावरची तारीख-वेळ आणि त्या मुलाने लिहून दिलेला कागद पाठवला. चौथ्या दिवशी पैसे परत आले, सोबत दिलगिरीच्या दोन ओळी.

मे महिन्यात इस्लामपूरला गेले तेव्हा अण्णांना सगळे फोटो टीव्हीवर लावून दाखवले. तलाव, बर्फ, केआ, सगळं ते ‘हं, हं’ करत बघत होते. पुलाचा व्हिडिओ मात्र दोनदा लावायला सांगितला आणि कोणत्या बाणाला कोण थांबतं ते नीट समजून घेतलं. मग पहिल्या दिवशीचे अंगणातले फोटो आले, जे मी फक्त पुरावा म्हणून काढले होते. अण्णा खुर्चीतून पुढे झुकले, चष्मा वर-खाली केला.

‘हा पुढचा डावा जरा बसलेला दिसतोय गं. हवा बघितली होतीस का निघताना?’